वस्तुसंग्रहालय, शिक्षक आणि आपला इतिहास : उपक्रम पारखावा कसा?

(अभ्यासवर्गासाठी धडा — एक शिक्षिका, वारणानगर, जि. कोल्हापूर)





आपल्या मुलांच्या शाळेतून वर्षातून एकदा एक चिठ्ठी घरी येते. अमुक तारखेला इयत्ता सहावीची वस्तुसंग्रहालयास भेट, गाडीभाडे अमुक रुपये. आपण पैसे देतो, डबा बांधून देतो आणि संध्याकाळी मूल सुखरूप परतले की समाधान मानतो. परंतु मुलाने तेथे काय पाहिले, त्याला काय सांगण्यात आले आणि त्या सांगण्यात आपण कोठे होतो, हे विचारणारे आईबाप फार थोडे. त्याचप्रमाणे सहलीला नेणारे आम्ही शिक्षक तेथून काय शिकून आलो, हेही कोणी विचारत नाही. आजच्या धड्यात आपण याचाच विचार करणार आहोत. शिक्षकांनी सर्व समाजांचा इतिहास वर्गात शिकवावा म्हणून वस्तुसंग्रहालये जे उपक्रम चालवतात, ते खरोखर उपयोगी पडतात की नाही, हे कसे ओळखावे? हा विषय फक्त पंडितांचा आहे असे कृपा करून समजू नका. ज्याचे मूल शाळेत जाते त्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

एका मुलीचा प्रश्न

प्रथम माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे पुढील विवेचन कोरडे वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका वस्तुसंग्रहालयाने शिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. विषय होता ‘वर्गातील विविधता आणि इतिहास’. व्याख्याने झाली, जेवण उत्तम होते, प्रमाणपत्र मिळाले, कापडी पिशवीही मिळाली. शेवटी एक छापील कागद हातात आला. ‘कार्यशाळा कशी वाटली?’ मी ‘उत्कृष्ट’ या चौकटीत खूण केली आणि सही ठोकली. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. असल्या जागी बोलावणे आले याचेच मला इतके अप्रूप होते की, त्यातून वर्गासाठी काय मिळाले हा प्रश्न मनात आलाच नाही.

दोन महिन्यांनी मी माझा वर्ग तेथे नेला. एका दालनात स्तूपाची प्रतिकृती होती. माहिती देणारे गृहस्थ म्हणाले, “पूर्वी आपल्या भागात बौद्ध लोक राहत असत. पुढे ते नाहीसे झाले.” एवढे सांगून ते पुढच्या दालनाकडे वळले. माझ्या वर्गात एक मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या घरातली. त्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. परतीच्या प्रवासात ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “बाई, बौद्ध लोक नाहीसे झाले म्हणतात. मग आम्ही कोण?”

मी स्वतः बौद्ध. त्या क्षणी दालनातच उत्तर देणे माझे कर्तव्य होते. पण सोबतचे शिक्षक काय म्हणतील, ‘सहलीतही यांना जात दिसते’ असे तर म्हणणार नाहीत ना, या भीतीने मी गप्प राहिले. आणि त्याच संस्थेच्या कागदावर ‘उत्कृष्ट’ लिहून मी मोकळी झाले होते! त्या दिवसापासून मला कळले की, कार्यशाळा आवडणे वेगळे आणि कार्यशाळा उपयोगी पडणे वेगळे.

उपक्रम म्हणजे नेमके काय?

वस्तुसंग्रहालयांचे शाळांसाठीचे काम साधारणपणे तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार म्हणजे मुलांची भेट आणि तेथील माहितगाराने दालने दाखवणे. दुसरा प्रकार शिक्षकांच्या कार्यशाळेचा आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या साहित्याचा. तिसरा प्रकार म्हणजे संग्रहालयानेच शाळेकडे जाणे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असे होते. त्या संस्थेने २०१५ साली बसमध्ये मांडलेले फिरते संग्रहालय सुरू केले. ज्या मुलांना मुंबई गाठणे शक्य नाही त्यांच्या शाळेच्या पटांगणात ही बस जाते. त्याच संस्थेने २०१७-१८ साली ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने भरवले. एकाच काळी निरनिराळ्या देशांत माणूस काय घडवत होता, हे तेथे वस्तू शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते. एका समाजाचा इतिहास म्हणजेच सगळा इतिहास नव्हे, ही गोष्ट अशा मांडणीतून मुलाला व्याख्यानाशिवाय समजते.

आपल्या राज्यात सहावीला प्राचीन भारताचा, सातवीला मध्ययुगीन आणि आठवीला आधुनिक भारताचा इतिहास शिकवला जातो. पुस्तकातील पाने मोजकी असतात. त्या पानांत आपल्या तालुक्याचे नाव नसते, आपल्या वस्तीचे तर नसतेच. ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य वस्तूंत असते. पुस्तकातले वाक्य वादाचे होऊ शकते. मातीतून निघालेली वस्तू मात्र डोळ्यांसमोर असते. तथागतांनी आपल्या धम्माचे वर्णन ‘एहिपस्सिक’ असे केले आहे. म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा.’ वस्तुसंग्रहालयाचे खरे तत्त्व तेच आहे, आणि तसे ते वागते की नाही हे पाहणे हीच आपली परीक्षा.

कोल्हापूरच्या मातीतील साक्ष

त्या मुलीला उत्तर द्यायचे म्हणून मी वाचू लागले, तेव्हा किती साक्ष आपल्या पायाखालीच आहे हे ध्यानात आले. ती थोडक्यात सांगते.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातील वस्ती तेथे उजेडात आली. ब्रह्मपुरीच्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची लहान मूर्ती आहे. समुद्रापलीकडच्या रोमन जगाशी कोल्हापूरचा व्यापार होता, याचा हा पुरावा. या वस्तूंसाठीच १९४६ साली कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय स्थापन झाले आणि पुढे ते टाऊन हॉलच्या इमारतीत आले.

त्याच्याही आधी, १८७७ च्या सुमारास, कोल्हापूर शहरात खोदकाम करताना एका मोठ्या स्तूपाचे अवशेष लागले आणि त्यात धातू ठेवण्याची दगडी पेटी मिळाली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत दानाचा लेख होता. दान बम्ह नावाच्या माणसाचे आणि ते घडवून आणणारा धमगुत, म्हणजे धम्मगुप्त. नव्याने धम्मात आलेल्यांसाठी सांगते, स्तूप म्हणजे पवित्र अवशेषांवर बांधलेली अर्धगोल वास्तू, आणि ‘धातू’ म्हणजे ते अवशेष. विचार करा, आपल्याच जिल्ह्याच्या गावी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोणा धम्मगुप्ताने आपले नाव दगडावर कोरून ठेवले.

आमच्या पन्हाळा तालुक्यात जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे येथे कोरीव लेणी आहेत. भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या तेथे आजही दिसतात. थोडे उत्तरेला, सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत.

आता ‘नाहीसे झाले’ या वाक्याचा विचार करू. विहार ओस पडले हे खरे. पण केव्हा, आणि किती? कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील राजा गंडरादित्य याच्या शके १०३२, म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटात असे नमूद आहे की, त्याने इरुकुडी येथे तलाव बांधून त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत् म्हणजे जिन, अशा तिघांची देवालये उभारली. हे इरुकुडी म्हणजे हातकणंगले तालुक्यातील आजचे रुकडी मानले जाते. बाराव्या शतकाच्या आरंभीही या भागात बुद्धाचे नाव जिवंत होते आणि शैव, बौद्ध व जैन यांची पूजास्थाने एकाच तलावाच्या काठी होती! ज्या शिक्षकाला ‘विविधता’ शिकवायची आहे त्याला यापेक्षा चांगला धडा कोणता मिळणार?

त्याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी तेथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला होता. कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास पॅलेस हे त्यांचे जन्मस्थान. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात पासष्ट लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदवला. ‘मग आम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. आपण नाहीसे झालेले लोक नाही, आपण परत आलेले लोक आहोत.

हे सर्व मी कार्यशाळेतून शिकायला हवे होते. शिकले मात्र एका मुलीच्या प्रश्नामुळे.

‘आवडले का?’ हा प्रश्न पुरेसा नाही

आता मुख्य विषयाकडे येऊ. उपक्रम पारखायचा म्हणजे नेमके काय पाहायचे?

अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी : शिकणाऱ्याला ते कसे वाटले? दुसरी : तो काय शिकला? तिसरी : परत गेल्यावर त्याच्या वागण्यात काय बदलले? चौथी : त्या बदलातून अंतिम फळ काय मिळाले? आपल्या बहुतेक कार्यशाळा पहिल्या पायरीवरच थांबतात. मी ज्या कागदावर खूण केली तो पहिल्या पायरीचा कागद होता. शिक्षकाच्या बाबतीत तिसरी पायरी म्हणजे त्याची टाचणवही, आणि चौथी म्हणजे त्याच्या वर्गातील मूल.

इंग्लंडमध्ये संग्रहालये, ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्या परिषदेने २००४ साली शिकण्याची पाच अंगे मांडली. ज्ञान व आकलन, कौशल्ये, वृत्ती व मूल्ये, आनंद व प्रेरणा, आणि प्रत्यक्ष कृती. यात आनंद आहे, पण तो पाचांपैकी एक आहे. आपल्या विषयात वृत्ती व मूल्ये हे अंग सर्वांत महत्त्वाचे आणि मोजायला सर्वांत कठीण. मुलाला सन-सनावळी पाठ झाली की नाही हे परीक्षेत कळते. शेजारच्या बाकावरील मुलाकडे पाहण्याची त्याची नजर बदलली की नाही, हे परीक्षेत कळत नाही.

साखरेच्या चित्राचा दाखला

मोजणे कठीण असले तरी अशक्य नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल या गावी २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस नावाचे कलासंग्रहालय उघडले. शाळांच्या भेटींसाठी इतके अर्ज आले की, सर्वांना एकदम नेणे शक्य नव्हते. तेव्हा अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवले की, कोणते गट आधी जातील आणि कोणते नंतर. म्हणजे गेलेले आणि न गेलेले यांच्यात नशिबाखेरीज दुसरा फरक उरला नाही. सुमारे अकरा हजार विद्यार्थी, ४८९ शिक्षक आणि १२३ शाळा या अभ्यासात होत्या. भेटीपूर्वी शिक्षकांना साहित्य दिले होते. भेटीत मुलांनी थोडीच चित्रे पाहिली, पण त्यांवर मनसोक्त चर्चा केली. सरासरी तीन आठवड्यांनी दोन्ही गटांना प्रश्न विचारले.

काय आढळले? गेलेल्या मुलांची बारकाईने विचार करण्याची शक्ती वाढली होती. जुन्या काळातील माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची वृत्ती वाढली होती. आपल्याहून वेगळे मत सहन करण्याची तयारीही वाढली होती. आणि सर्वांत लक्षात ठेवण्यासारखे असे की, खेड्यांतील आणि गरीब वस्तीतील मुलांना हा लाभ अधिक झाला.

त्या चित्रांपैकी एकाची गोष्ट वारणेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाने तर ऐकलीच पाहिजे. ईस्टमन जॉन्सन या चित्रकाराच्या चित्रात काही माणसे मेपल झाडाच्या रसापासून पाक बनवण्याच्या तळावर बसली आहेत. उसाची साखर तेव्हा गुलामांच्या श्रमातून येई. गुलामगिरीच्या विरोधकांना त्या साखरेचा धंदा मोडायचा होता, म्हणून हा पाक. हे चित्र पाहिलेल्या मुलांपैकी ८८ टक्के मुलांना काही आठवड्यांनंतरही त्यातील हा अर्थ आठवत होता. व्याख्यानातील किती वाक्ये मुलांना तीन आठवडे आठवतात?

आमचे वारणानगर तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढले. हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या रस्त्याने लागतात आणि ऊसतोड कामगारांची पाले शिवारात पडतात. साखर कोणाच्या हातातून येते, हा प्रश्न आमच्या मुलांसमोर रोज उभा असतो. फक्त तो कोणी दालनात मांडलेला नाही.

पाच कसोट्या

कालामांना तथागतांनी सांगितले की, कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. ‘मोठ्या संस्थेचा उपक्रम आहे’ हे कारणही त्याच यादीत घालावे. मी माझ्यापुरत्या पाच कसोट्या ठरवल्या आहेत.

पहिली कसोटी : बोलते कोण? पाटीवर काय लिहिले आहे, कोणत्या काळात लिहिले आहे? ‘बौद्ध होते’, ‘आदिवासी असे करीत’, ‘भटके असे राहत’ असा केवळ भूतकाळ असेल, तर जिवंत माणसांना तेथे मृत ठरवले आहे. ज्यांचा इतिहास आहे त्यांना मांडणीत विचारले होते काय? दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहरातील डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ साली फक्त गोऱ्यांसाठी राखीव ठरवण्यात आला आणि पुढे साठ हजारांहून अधिक लोकांना तेथून उठवले गेले. १९९४ साली तेथे जे संग्रहालय झाले, त्यात वस्तीचा नकाशा जमिनीवर पसरला आहे आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी आपली नावे लिहिली आहेत. इतिहास ज्याचा, अक्षरही त्याचे.

दुसरी कसोटी : शिक्षकाच्या हाती काय आले? भेटीपूर्वी वर्गात काय करावे, दालनात कोणत्या तीन-चार वस्तूंसमोर थांबावे, परतल्यावर काय लिहून घ्यावे, हे मराठीत, साध्या भाषेत आणि पाठ्यपुस्तकाच्या धड्याशी जोडून मिळाले काय? नुसते ‘विविधतेचा आदर करा’ हे वाक्य घेऊन शिक्षक वर्गात उभा राहू शकत नाही. अवघड प्रश्न आला तर काय उत्तर द्यावे, याचा सराव त्याच्याकडून करून घेतला पाहिजे. माझ्याकडून तो करून घेतला असता, तर मी त्या दालनात मुकी राहिले नसते.

तिसरी कसोटी : मुलाचे आधी आणि नंतर. भेटीपूर्वी एक प्रश्न विचारावा आणि तोच प्रश्न महिन्याने पुन्हा विचारावा. दुसऱ्या दिवशी विचारून उपयोग नाही, तेव्हा सगळेच आठवते. शक्य असल्यास न गेलेल्या तुकडीलाही तोच प्रश्न विचारावा. नाहीतर मूल महिन्याभरात तसेही शिकले असते, आणि श्रेय मात्र आपण सहलीला देऊन बसू.

चौथी कसोटी : वर्गात काय टिकले? कार्यशाळेनंतर तीन महिन्यांनी शिक्षकाची टाचणवही उघडावी. त्यात एक तरी नवा पाठ आहे काय? नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापलीकडे काही झाले नाही.

पाचवी कसोटी : कोण गेले, कोण मागे राहिले? ज्या दिवशी सहल असते त्या दिवशीचा हजेरीपट पाहावा. भाड्याअभावी कोण आले नाही? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले कोठे होती? मुलींना पाठवले होते काय? लाभ ज्यांना अधिक होतो तीच मुले घरी राहिली, तर उपक्रम कितीही सुंदर असो, तो नापास. आणि याच कसोटीत आणखी एक गोष्ट येते. जे मूल गेले त्याला तेथे मान खाली घालावी लागली काय? ‘तू त्यांच्यातला ना, तूच सांग’ असे चारचौघांत म्हणून मुलाला नमुना करणे हा इतिहास शिकवण्याचा मार्ग नव्हे.

आम्ही काय करून पाहिले

दुसऱ्या वर्षी मी दोन दालनांची एक सहल आखली. सकाळी पोहाळ्याची लेणी, दुपारी कोल्हापूर. जाण्यापूर्वी सहावीच्या दोन्ही तुकड्यांना एकच प्रश्न लिहायला दिला. ‘आपल्या तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वी कोण राहत होते? तुला हे कसे कळले?’ बहुतेकांनी राजे आणि किल्ले लिहिले. ‘कसे कळले’ या भागापुढे बऱ्याच वह्या कोऱ्या होत्या. काहींनी ‘टी. व्ही.वर पाहिले’ असे लिहिले.

जागेच्या अडचणीमुळे एकच तुकडी जाऊ शकली. लेण्यात मी व्याख्यान दिले नाही. प्रत्येक मुलाला एका खोलीत दोन मिनिटे बसवले आणि विचारले की, येथे राहणाऱ्या माणसाला पाणी कोठून मिळत असेल, अन्न कोण देत असेल? अन्न गावाने दिले, हे मुलांनीच शोधून काढले. म्हणजे लेण्याच्या इतिहासात गावही आले.

महिन्याने तोच प्रश्न पुन्हा दिला. गेलेल्या तुकडीतील पुष्कळ मुलांनी ‘कसे कळले’ यापुढे वस्तूचे नाव लिहिले होते. न गेलेल्या तुकडीत तो भाग पूर्वीसारखाच राहिला. एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे मी मान्य करते. तुकड्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या नव्हत्या, आणि शिक्षिका मीच होते व तपासनीसही मीच. तरीही ‘उत्कृष्ट’ या खुणेपेक्षा हा पुरावा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

शाळेतील एका सहकाऱ्यांनी मला विचारले, “इतिहासात हे सगळे वेगवेगळे कशाला आणता? मुले सगळी सारखीच की!” मी म्हणाले, “सर, मुले सारखीच आहेत, म्हणूनच प्रत्येकाला आपल्या पूर्वजांची वस्तू दिसली पाहिजे. काहींना दिसते आणि काहींना दिसत नाही, तेव्हाच ती सारखी राहत नाहीत.” ते पुढच्या सहलीला स्वतः आले. गंडरादित्याच्या तलावाची गोष्ट त्यांनीच मुलांना सांगितली, आणि जैन घरातील एक मुलगा त्या दिवशी प्रथमच वर्गात आपणहून बोलला.

ही शेवटची गोष्ट आपण विसरू नये. आपल्याला दालनात जागा हवी आहे, ती दुसऱ्याची जागा घेऊन नव्हे. लिंगायत, जैन, मुसलमान, मराठा, धनगर, कैकाडी, डोंबारी, सर्वांची मुले त्याच बाकांवर बसतात. जो समाज शतकानुशतके दाराबाहेर उभा राहिला, त्याने दार उघडल्यावर ते दुसऱ्यासाठी लावून घेतले, तर मैत्रीचा अर्थ त्याला कळला नाही असेच म्हणावे लागेल.

आईबापांनी काय करावे?

सहलीची चिठ्ठी आली की शाळेत जाऊन नम्रपणे विचारावे, “मुलांना काय दाखवणार? कोणत्या धड्याशी संबंध आहे?” विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो पालकाचा हक्क आहे. मूल परत आल्यावर ‘मजा आली का?’ एवढेच विचारू नका. ‘एक वस्तू सांग, ती कोणी केली असेल, आणि तिच्याबद्दल काय सांगितले?’ असे विचारा. चुकीचे काही सांगितले असेल, तर घरी रागावून थांबू नका. संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत आणि शाळेला पत्राने, पुराव्यासह लिहा. पत्र शांत भाषेत असावे.

आपल्या वस्तू जपायलाही शिका. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय १९९६ पासून आहे. माईसाहेब, म्हणजे डॉ. सविता आंबेडकर, यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू दिल्या म्हणून आज मुलांना तेथे त्यांचे व्हायोलिन पाहता येते. त्या जपल्या गेल्या नसत्या, तर? आपल्या घरातील दीक्षेचा फोटो, आजोबांची गिरणीतील किंवा कारखान्यातील हजेरीची कार्डे, आजीचे जाते, जुनी वर्गणीची पावतीपुस्तके रद्दीत घालू नका. मागे कागद चिकटवून त्यावर नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवा. धम्मगुप्ताने आपले नाव कोरले नसते, तर आज त्याला कोणी ओळखले असते?

आपल्या खिशातील नाण्यावर जी सिंहमुद्रा आहे, ती सारनाथच्या अशोकस्तंभाची. तो सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात मातीतून निघाला, आजही सारनाथच्या वस्तुसंग्रहालयात आहे, आणि २६ जानेवारी १९५० पासून ती भारताची राजमुद्रा आहे. मातीत गाडलेली वस्तू राष्ट्राच्या माथ्यावर येऊ शकते. पण त्यासाठी कोणीतरी ती पाहावी लागते आणि तिचा अर्थ सांगावा लागतो.

ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे. दुसऱ्या सहलीच्या वेळी मी तिला मुद्दाम काही विचारले नाही. पोहाळ्याच्या लेण्यात इतर मुलांसारखीच तीही एका खोलीत बसली. बाहेर आल्यावर तिने आपल्या मैत्रिणीला सांगितले, “आमच्या घरी म्हणतात तीच वंदना इथं म्हणत असतील.” मैत्रीण म्हणाली, “मग म्हण की.” आणि तिने म्हटली. मी दूर उभी होते. यापेक्षा चांगला अभिप्राय मला आजवर कोणत्याही कागदावर मिळालेला नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कार्यशाळा ‘आवडणे’ आणि ‘उपयोगी पडणे’ यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन सांगा.

२. आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल असे लेणे, शिलालेख किंवा संग्रहालय कोणते? तेथील पाटीवर काय लिहिले आहे ते उतरवून आणा आणि अभ्यासवर्गात वाचा.

३. आपल्या वस्तीतील शाळेच्या मागील सहलीला पाचही कसोट्या लावून पाहा. कोणत्या कसोटीस ती उतरली, कोणत्या नाही?

४. आपल्या घरातील एक जुनी वस्तू निवडा. तिच्यासाठी चार ओळींची पाटी लिहा.

५. आपल्या वर्गातील अन्य समाजाच्या मुलाच्या इतिहासाबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? ते कसे कळले?

जयभीम!